भावाची कैफियत उशिरा घेतली, माझा पुरावा मात्र बंद!

प्रश्न : वडील गेल्यावर भावाने सातबाऱ्यावर एकट्याचं नाव चढवून घेतलं, म्हणून मी तालुक्याच्या कोर्टात वाटपाचा दावा लावला आहे. भावाने मुदतीत कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) दिली नाही. तेव्हा कोर्टाने ‘कैफियतीशिवाय दावा पुढे चालवावा’ असा हुकूम केला. आठ महिन्यांनी त्याने अर्ज दिला आणि त्याच न्यायाधीशांनी पंधराशे रुपये खर्च लावून त्याची कैफियत दाखल करून घेतली. त्यानंतर आम्हाला न विचारताच प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. तिथे काहीच झालं नाही, वेळ मात्र गेला. जमीन कोण कसतंय हे पाहायला कोर्ट कमिशनर नेमा, असा अर्ज आम्ही दिला, तो फेटाळला. आणि गेल्या महिन्यात माझ्या पुराव्याच्या तारखेला आमचे वकीलसाहेब जिल्हा कोर्टात अडकले. त्यांच्या ज्युनिअरने मुदतीचा अर्ज दिला, तो नामंजूर झाला आणि ‘वादीचा पुरावा बंद’ असा हुकूम झाला. मी स्वतः समोर उभी होते! निकाल लागायच्या आधीच असे हुकूम करायचा अधिकार न्यायाधीशांना असतो का? भावाला एक कायदा आणि मला दुसरा? वकील म्हणतात हायकोर्टात रिट करू. मिस्टर म्हणतात जज बदलून मागू. मी काय करू?
— एक वाचक (नाव-गाव देऊ नये)

उत्तर :

ताई, अधिकाराचं नंतर बोलू. आधी पुढची तारीख कशासाठी नेमली आहे ते आजच बघा. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर तुमच्या दाव्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर टाकलात की दिसेल. ‘प्रतिवादीचा पुरावा’ असं असेल तर थोडी उसंत आहे. ‘युक्तिवाद’ असेल तर याच आठवड्यात हालचाल करायला हवी. आणि ‘निकाल’ असेल तर हे उत्तर अर्धवट सोडून वकिलांना फोन लावा.

आता मूळ प्रश्न. हो, निकालाआधी असे हुकूम करायचा अधिकार न्यायाधीशांना आहे आणि तो भरपूर आहे. दावा दाखल झाल्यापासून निकालापर्यंत कोणी काय कधी दाखल करायचं, कोणता कागद हजर करायचा, कोणाला पक्षकार करून घ्यायचं, कोणता साक्षीदार कधी बोलवायचा, युक्तिवादाला किती वेळ द्यायचा, हे सगळं कोर्ट ठरवतं. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ ही जवळजवळ पूर्ण त्याच कामासाठी आहे. तिचा पहिला भाग कलमांचा आणि दुसरा ‘आदेश’ व ‘नियम’ यांचा. वकील मंडळी ‘ऑर्डर सतरा रूल एक’ म्हणतात ती या दुसऱ्या भागातली भाषा.

हे हुकूम म्हणजे तुमच्या हक्काबद्दल कोर्टाने दिलेलं मत नव्हे. तुमचा जमिनीत हिस्सा आहे की नाही, यावर अजून एक अक्षरही लिहिलेलं नाही. ते हुकूमनाम्यात येईल, आणि वाटपाच्या दाव्यात तर आधी प्राथमिक हुकूमनामा होऊन हिस्से ठरतील. मुलीला जन्मानेच सहदायिकाचा (वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वाटेकऱ्याचा) हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात पक्कं केलं आहे. पुरावा बंद झाला म्हणून तो हक्क जात नाही. तो शाबित करायची संधी तेवढी धोक्यात आली आहे. फरक बारीक वाटेल, पण पुढचं सगळं उत्तर त्यावर उभं आहे. कारण हक्क ठरवणारा निकाल एकदा दिला की त्या न्यायाधीशांना तो सहसा बदलता येत नाही. फार तर लेखनातली चूक दुरुस्त होते किंवा मोजक्या कारणांवर पुनर्विलोकन होतं. कामकाज चालवण्यासाठी केलेला हुकूम मात्र, परिस्थिती बदलली आणि पुरेसं कारण दाखवलं तर, तेच कोर्ट मागे घेऊ शकतं. भावाच्या बाबतीत त्यांनी नेमकं हेच केलं. तुम्हाला राग आला तो कोर्टाच्या ज्या लवचीकपणाचा, तोच आज तुम्हाला मागायचा आहे.

भावाच्या कैफियतीचं आधी बघू, कारण पत्रात सगळ्यात जास्त जळजळ तिथेच दिसते. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत कैफियत द्यायची, कोर्टाने कारणं नोंदवून मुदत वाढवली तरी नव्वद दिवसांच्या पुढे नाही, असं ऑर्डर आठ रूल एकमध्ये लिहिलं आहे. नुसतं वाचलं तर वाटतं, नव्वद दिवस संपले की विषय संपला. पण २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कैलाश विरुद्ध नन्हकू या खटल्यात, आणि त्याच वर्षी सालेम बार असोसिएशनच्या निकालात सांगितलं की ही मुदत दिशादर्शक आहे, अपवादात्मक परिस्थितीत नव्वद दिवसांनंतरही कैफियत घेता येते. व्यापारी दाव्यांत तसं नाही. तिथे एकशे वीस दिवसांनंतर दार कायमचं बंद होतं. तुमचा दावा व्यापारी नाही, त्यामुळे न्यायाधीशांना अधिकार होता. तो त्यांनी नीट वापरला का, हा मात्र प्रश्न आहे. अपवाद म्हटला की कारण हवं. आठ महिने भाऊ काय करत होता, याबद्दल त्या हुकुमात दोन ओळी तरी आहेत का? ‘न्यायहितार्थ अर्ज मंजूर, खर्च रु. १५००’ एवढंच लिहिलं असेल तर हुकूम कच्चा आहे. पण कच्चा असला तरी त्याच्यामागे लागू नका असं मी सांगेन. एक तर वेळ गेली. दुसरं, कैफियत नसती तरी दावा आपोआप तुमच्या बाजूने लागला नसता. कैफियत नाही म्हणून कोर्टाने डोळे मिटून हुकूमनामा देऊ नये, वादीच्या कथनात शंका असेल तर पुरावा मागावा, हे बलराज तनेजा खटल्यात १९९९ पासून ठरलेलं आहे. म्हणजे पुरावा तुम्हाला तेव्हाही द्यावा लागला असता.

मध्यस्थीबद्दलची तक्रार सोडून द्या. कलम ८९ खाली कोर्टाला तो अधिकार आहे, मध्यस्थीला पाठवायला पक्षकारांची संमती लागत नाही (लवादाकडे पाठवायला लागते), आणि भावाबहिणीचं वाटप हे मध्यस्थीला पाठवण्याजोग्या प्रकरणांत अगदी वरचं. २०१० च्या अ‍ॅफकॉन्स निकालात हे सगळं आलं आहे. तिथे जे बोललात ते कोर्टात तुमच्याविरुद्ध येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

कमिशनरचा अर्ज फेटाळला तो माझ्या मते बरोबर फेटाळला. ऑर्डर सव्वीस रूल नऊखाली कमिशनर नेमतात तो जागेवरची एखादी गोष्ट समजून घेण्यासाठी. हद्द कुठून जाते, बांधकाम कुठवर आलं आहे, अशा गोष्टी. ‘जमीन कोण कसतं’ हे तोंडी आणि कागदोपत्री पुराव्याने शाबित करायचं असतं. पीकपाहणीचे उतारे, शेजारच्या शेतकऱ्याची साक्ष, विकलेल्या मालाच्या पावत्या. पक्षकारासाठी पुरावा गोळा करायला कोर्ट कमिशनर पाठवत नाही, असंच उच्च न्यायालयं वारंवार सांगत आली आहेत. शिवाय वाटपाच्या दाव्यात जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडायची वेळ प्राथमिक हुकूमनाम्यानंतर येते, आणि शेतजमीन सरकारी आकारणीची असेल तर ते काम कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. त्या अर्जात तुमच्या एक-दोन तारखा फुकट गेल्या. त्याच तारखांना सरतपासाचं शपथपत्र (तुमची साक्ष शपथेवर लिहून) दाखल झालं असतं, तर आज हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

आता खरा घाव. ‘वादीचा पुरावा बंद.’

तालुक्याच्या कोर्टातला रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद, वाचायची सवय पक्षकारांना नसते. ती लावून घ्या. तुमच्या त्या दिवसाचा रोजनामा साधारण असा असेल : ‘पुकारा केला. वादी हजर. वादीचे वकील गैरहजर. वादीतर्फे मुदतीचा अर्ज. प्रतिवादीची हरकत. यापूर्वी पुरेशी संधी दिली. अर्ज नामंजूर. वादीचा पुरावा बंद. पुढील तारीख प्रतिवादीच्या पुराव्यासाठी.’ यातलं ‘यापूर्वी पुरेशी संधी दिली’ हे वाक्य सगळ्यात जड आहे. त्याआधीच्या किती तारखांना तुमच्या बाजूने मुदत मागितली होती? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, आणि बहुतेक तुम्हाला ते माहीतही नसेल. सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत, असं ऑर्डर सतरा रूल एक सांगतो. त्याच नियमात हेही स्पष्ट लिहिलं आहे की वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले आहेत हे तहकुबीचं कारण होऊ शकत नाही. म्हणजे तुमच्या ज्युनिअर वकिलांनी अर्जात जे कारण लिहिलं असेल, नेमकं तेच कायद्याने नाकारलेलं कारण आहे. तहकुबीच्या रोगावर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये शिव कोटेक्स खटल्यात फार कडक शब्दांत लिहिलं. पुरावा न देणाऱ्या वादीला वरच्या कोर्टाने दिलेली पुन्हा संधी तिथे काढून घेतली गेली. तुमचे न्यायाधीश तो निकाल दाखवू शकतात, आणि दाखवला तर तुम्हाला बोलायला जागा राहणार नाही.

तरी माझं मत विचाराल तर तो हुकूम कडक होता. वादी स्वतः समोर उभी असताना तिला ‘तुमचं शपथपत्र तयार आहे का?’ एवढं विचारायला अर्धा मिनिट लागतो. खर्च लावून, ‘शेवटची संधी’ असं लिहून एक तारीख देता आली असती. पण कडक हुकूम आणि अधिकाराबाहेरचा हुकूम यांत गल्लत करू नका. हा पहिल्या प्रकारचा आहे.

आणि म्हणूनच उपाय तिथेच आहे, त्याच कोर्टात. अर्ज द्यायचा : ‘वादीचा पुरावा बंद केल्याचा हुकूम मागे घेऊन वादीचं शपथपत्र दाखल करून घ्यावं.’ कायद्याचा आधार कलम १५१. हे कलम कोर्टाला नवा अधिकार देत नाही. न्यायदान करणारी संस्था म्हणून कोर्टाच्या अंगचाच जो अधिकार आहे, तो संहितेने मान्य केला आहे, इतकंच. न्यायाच्या हेतूसाठी आणि प्रक्रियेचा गैरवापर थांबवण्यासाठी तो वापरायचा. १९६२ च्या मनोहरलाल चोप्रा खटल्यापासून त्याची मांडणी हीच आहे. पुरावा पुन्हा खुला करण्यासाठी तो वापरता येतो का, हा प्रश्न २०११ मध्ये के. के. वेलुसामी खटल्यात आला आणि सर्वोच्च न्यायालयाने ‘येतो’ असं उत्तर दिलं. मात्र उठसूट नाही, दिरंगाईसाठी नाही, खऱ्या गरजेपुरता आणि शक्यतो खर्च लावून. तुमच्या अर्जात या निकालाचा उल्लेख असायलाच हवा.

त्याच्या जोडीला एक जुना निकाल मला फार आवडतो. संग्रामसिंह विरुद्ध निवडणूक न्यायाधिकरण, कोटा, साल १९५५. एका पक्षकाराचे वकील आधीच्या कामकाजाला आले नाहीत, एकतर्फा काम सुरू झालं. पुढे वकील हजर झाले, तर न्यायाधिकरणाने त्यांना भागच घेऊ दिला नाही. न्यायमूर्ती विवियन बोस (आपल्या नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले) यांनी निकालपत्रात लिहिलेल्या विचाराचा सारांश असा की प्रक्रियेचे नियम न्यायाला मदत व्हावी म्हणून असतात, माणसांना शिक्षा करायला किंवा पायात पाय घालून पाडायला नसतात. एक तारीख चुकली म्हणून पुढच्या तारखांना हजर राहायचा हक्क संपत नाही. सत्तर वर्षं झाली, तरी खालच्या कोर्टांत हा निकाल दाखवला की अजून काम होतं.

अर्ज कसा द्यायचा, यात खरं कसब आहे. नुसता ‘संधी मिळावी’ असा अर्ज देऊ नका. सोबत सरतपासाचं शपथपत्र टाईप करून, सही करून, शपथ घेऊन जोडा. कागदपत्रांची यादी जोडा. साक्षीदारांची नावं द्या. तुम्ही तयार आहात हे कोर्टाला त्याच टेबलावर दिसलं पाहिजे. कारणांमध्ये खोटं लिहू नका. आजारपणाचा दाखला आणू का, असं कोणी सुचवेल, तर स्पष्ट नाही म्हणा. रोजनाम्यात तुम्ही हजर आहात, ज्युनिअरच्या अर्जात दुसऱ्या कोर्टाचं कारण आहे, आणि तिसरंच काही लिहिलंत की पुढे कशावरच विश्वास बसणार नाही. जे झालं ते लिहा : मी हजर होते, शपथपत्राची तयारी झाली होती, वकील वेळेवर पोचू शकले नाहीत, चूक माझी नव्हती, आता विनाविलंब पुरावा देते, कोर्ट लावील तो खर्च भरते. आणि हा अर्ज कधी? पुढच्या तारखेची वाट न बघता, प्रकरण त्याआधीच बोर्डावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामाच्या यादीत) घ्यावं असा अर्ज जोडून. भावाचा पुरावा सुरू झाला की तो म्हणणार, ‘माझी बाजू ऐकून आता ही पोकळी भरायला निघाली.’ त्याचं ते म्हणणं चुकीचंही नसेल. आणि दावा निकालासाठी राखला गेला तर अर्ज ऐकूनच घेणार नाहीत, अशी शक्यता मोठी. मग पुराव्याअभावी दावा फेटाळला जाईल, तुम्हाला जिल्हा न्यायालयात अपील करावं लागेल, आणि अपिलात नवा पुरावा देऊ द्या म्हणणं या सगळ्यापेक्षा कितीतरी अवघड.

भावाला एक कायदा आणि मला दुसरा का, याचं उत्तर आता तुम्हाला दिसलं असेल. त्याने उशिरा का होईना, हातात कैफियत घेऊन अर्ज दिला. तुमच्या बाजूने त्या दिवशी हातात काही नव्हतं, फक्त आणखी वेळ मागितला होता. हे ऐकायला कडू आहे, पण न्यायाधीशांच्या खुर्चीवरून चित्र असंच दिसतं.

हायकोर्टाचं म्हणाल तर मार्ग आहे, पण क्रम चुकतोय. असे मधले हुकूम बहुतेक अपील करण्याजोगे नसतात. अपील होतं त्यांची यादी कलम १०४ आणि ऑर्डर त्रेचाळीसमध्ये आहे, मनाई हुकूम वगैरे. ‘पुरावा बंद’ त्यात नाही. कलम ११५ खालचं पुनरीक्षण (हायकोर्टाने खालचा हुकूम तपासणं) २००२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर फार आखडलं. ज्या हुकुमामुळे, तो उलटा झाला असता तर, दावाच संपला असता, अशाच हुकुमाला ते लागू. तुमचा तसा नाही. उरतं ते संविधानाचं कलम २२७, म्हणजे उच्च न्यायालयाची खालच्या कोर्टांवरची देखरेख. वकील बोलताना त्यालाही ‘रिट’च म्हणतात, पण २०१५ च्या राधेश्याम निकालानंतर दिवाणी कोर्टाच्या न्यायिक हुकुमाविरुद्ध कलम २२६ ची रिट चालत नाही, २२७ ची देखरेखच चालते. आणि ती देखरेख कशी वापरायची, हे आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या शालिनी शाम शेट्टी प्रकरणात २०१० मध्ये सांगितलं आहे : खालच्या कोर्टाने चूक केली एवढ्याने नाही, अधिकाराची हद्द ओलांडली किंवा उघड अन्याय झाला तरच. हायकोर्टात पहिला प्रश्न येईल, ‘त्याच कोर्टात अर्ज दिला होता का?’ तुमच्याकडे ‘नाही’ हे उत्तर असेल, आणि तोवर वेळ आणि पैसा दोन्ही गेलेले असतील. याचिका दाखल झाली म्हणून खालचं काम थांबत नाही, स्थगिती मिळाली तरच थांबतं, हेही बऱ्याच जणांना उशिरा कळतं. म्हणून आधी इथला अर्ज. तो फेटाळला, तर त्या हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन २२७ खाली जा, तेव्हा तुमची बाजू कितीतरी भक्कम असेल. आणि यातलं काहीच जमलं नाही तरी कलम १०५ आहे : अपील न होणारा मधला हुकूम चुकीचा होता आणि त्यामुळे निकालावर परिणाम झाला, हे शेवटच्या अपिलात मांडता येतं.

मिस्टरांचं जज बदलून मागायचं मनातून काढून टाका. कलम २४ खाली जिल्हा न्यायाधीशांकडे तसा अर्ज करता येतो, पण त्याला पक्षपाताची रास्त भीती दाखवावी लागते. प्रतिकूल हुकूम झाला, हे त्याचं कारण होत नाही. या न्यायाधीशांनी भावाची कैफियत उशिरा घेतली आणि तुमचा पुरावा बंद केला, एवढ्यावरून पक्षपात सिद्ध होणार नाही. आणि उद्या त्याच न्यायाधीशांसमोर ‘हुकूम मागे घ्या’ म्हणून उभं राहायचं असताना आज त्यांच्यावर आरोप करणं, हे मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

आता प्रश्नाची दुसरी बाजू, कारण अधिकार आहे म्हटलं की तो अमर्याद आहे असा अर्थ कोणी काढू नये. १९६० सालचं पदम सेन प्रकरण आहे. गाझियाबादच्या एका दिवाणी दाव्यात प्रतिवादी म्हणाला, वादी हिशेबाच्या वह्यांत फेरफार करील. तिथल्या मुन्सिफांनी (कनिष्ठ दिवाणी न्यायाधीशांनी) कलम १५१ चा आधार घेऊन एका वकिलाला कमिशनर नेमलं आणि वादीच्या वह्या ताब्यात घ्यायला सांगितलं. पुढे त्या वह्यांत हात घालता यावा म्हणून कमिशनरला लाच देऊ केल्याचा खटला झाला, शिक्षाही झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं, आणि तिथे आरोपी सुटले. लाच देऊ केलीच नव्हती म्हणून नव्हे. वह्या जप्त करण्यासाठी कमिशनर नेमायचा अधिकारच मुन्सिफांना नव्हता, सबब नेमणूक रद्दबातल, सबब तो माणूस लोकसेवकच नव्हता, मग लोकसेवकाला लाच देऊ केल्याचा गुन्हाही उरला नाही. अंगचा अधिकार हा कोर्टाच्या कामकाजापुरता, पक्षकाराच्या मालमत्तेवर आणि हक्कांवर तो चालत नाही, असं त्या निकालाने ठरवून दिलं. वह्या वादीच्या होत्या. पुरावा म्हणून त्या हजर करायला सांगता आलं असतं, हजर केल्या नाहीत तर त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता आला असता. घरात माणूस पाठवून उचलून आणता येत नव्हत्या.

तुमच्या दाव्याला हे लावून बघा. न्यायाधीश तुमच्या भावाला ‘अमुक खरेदीखत हजर कर’ सांगू शकतात. त्याने ऐकलं नाही तर संहितेतच त्याची शिक्षा आहे. पण ‘निकाल होईपर्यंत बहिणीला अर्धं पीक दे’ असं कलम १५१ च्या जोरावर सहज लिहून टाकता येणार नाही. त्यासाठी मनाई हुकूम किंवा रिसीव्हर (मालमत्ता सांभाळायला कोर्टाने नेमलेला माणूस) यांचे स्वतंत्र नियम आहेत आणि त्यांच्या कसोट्या पुऱ्या कराव्या लागतात. जिथे संहितेत स्पष्ट तरतूद आहे तिथे तिला वळसा घालून १५१ वापरता येत नाही. दुसऱ्या बाजूला ऐकल्याशिवाय तिचं नुकसान करता येत नाही. आणि कारण लिहावं लागतं, दोन ओळींचं का होईना.

वकिलांबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, तरी एक सांगतो. त्यांना बदला असं मी म्हणत नाही. पण त्यांना समोर बसून विचारा, अर्ज कधी देताय आणि त्या दिवशी स्वतः येताय की पुन्हा ज्युनिअर. ज्युनिअरच येणार असतील तर त्यांना फाईल माहीत असावी आणि त्यांच्याकडे वकीलपत्र असावं. वकिलांची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

राहिले ते पंधराशे रुपये. ते कोर्टाने तुम्हाला द्यायला सांगितले होते की विधी सेवा समितीत भरायला, ते हुकुमात बघा. तुम्हाला द्यायचे होते आणि तुम्ही ते निमूट घेतले असतील, तर कैफियत घेतल्याच्या हुकुमाविरुद्ध आता बोलायची सोय जवळजवळ राहिली नाही. मात्र भावाने ते दिलेच नसतील, तर वेगळी गोष्ट आहे. खर्च भरण्याच्या अटीवर कैफियत घेतली असेल आणि अटच पाळली नसेल, तर ती कैफियत विचारात घेऊ नये असा अर्ज तुम्हाला देता येतो. कलम ३५ ब खाली दिरंगाईबद्दल लावलेला खर्च असेल, तर तो भरेपर्यंत त्या पक्षाला पुढे बाजू चालवता येत नाही. पावती फाईलला आहे का, ते उद्या कोर्टात जाऊन फाईल बघण्याचा अर्ज देऊन तपासा. तुमचा मुख्य अर्ज मात्र त्यासाठी अडवून ठेवू नका.